वहीतली एक चिमूट

विश्वास कुणावर ठेवायचा म्हणता? इंटरनेटवरच्या माणसावर, शेजारच्या बाईवर, की ज्याला बाटल्या खपवायच्यात त्या माझ्यावर? — नाही, रागावलो नाही, प्रश्न रास्त आहे. सत्तावीस वर्षं या काउंटरमागे उभा आहे, पण इतकं तोंडावर विचारणारं गिऱ्हाईक पहिलंच. सांगू? तिघांवरही ठेवू नका. पाण्यावर ठेवा. पाण्याला काही विकायचं नसतं. — आणि ती बाटली आधी खाली ठेवा बघू. हो, तीच, 'शेवाळ तीन दिवसांत साफ' लिहिलेली. विकत नाही असं नाही, विकायलाच मांडलीय, पण आधी मला सांगा, माशांना खाणं किती घालता? चिमूटभर. चिमूट म्हणजे केवढी, बोटांनी दाखवा. — बाई, ही चिमूट नव्हे, ही लाजून आखडलेली मूठ आहे. आणि दिवसातून किती वेळा? तीनदा. का हो? वर येतात, तोंडं उघडतात, बघवत नाही. बरोबर. सगळ्यांचं तिथेच चुकतं. मासा भुकेला असतो म्हणून वर येत नाही, तुम्ही दिसता म्हणून येतो. जेवून उठलेला मासासुद्धा तसाच येतो. त्याचं पोट केवढं असतं माहितीये? त्याच्या डोळ्याएवढं. त्यात मावलं नाही ते तळाला बसतं, कुजतं, त्याचं खत होतं, वर दिवा असतोच — मग काच हिरवी होणार नाही तर काय होणार? शेवाळ म्हणजे काही रोग नव्हे. शेवाळ म्हणजे पावती. तुम्ही काय काय घातलंत त्याची, भिंतीला लावलेली.

साखर कारखान्यात एक फिटर होता, दर शुक्रवारी माशांना मटण भरलेल्या पाय-पेस्ट्रीचा चुरा घालायचा. का, तर म्हणे त्यांनाही कळायला हवं आठवडा संपला. मग काच दिसेनाशी झाली तेव्हा माझ्याकडून काच चाटणारे चार मासे घेऊन गेला. पंधरा दिवसांनी आला तो तणतणत — चार्ली, यांनी काच साफ केली, पण तळाला बघ काय करून ठेवलंय. म्हटलं, बाबा, तो मासा चाटतो एका बाजूने आणि सोडतो दुसऱ्या बाजूने, तो काही मोलकरीण नाही, तोही खाणाराच आहे. — हसा, हसा. पण ते चारही मासे मीच विकले होते त्याला, आणि विकताना हे बोललो नव्हतो. धंदा शिकायला मला कुणी शाळा नव्हती. बाप माल्टाहून इथे ऊस तोडायला आला, मी कारखान्याच्या भट्टीवर होतो, घरामागच्या शेडमध्ये सहा टँक ठेवून सुरुवात केली. जे शिकलो ते मासे मारून शिकलो. कार्मनू हे नाव इथल्या कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून झालो चार्ली. असो. पाणी आणलंय ना तपासायला? बरोबर केलंत. तपासणीला मी पैसे घेत नाही, या मकाय गावातला कुठलाही माणूस सांगेल. द्या इकडे.

ही बरणी.

नाही, काही नाही — बरणी चांगली आहे. बीटरूटची ना? झाकणावर हा लाल ठिपका, नखं रंगवतात त्याचा. बरणी कुणी कचऱ्यात टाकू नये म्हणून लावलाय तो. मला कसं माहीत? — सांगतो, आधी नळी भरू दे. पाच मिलिलिटर. या बाटलीचे दहा थेंब, मग या दुसरीचे दहा, ही आधी जोरात आपटून हलवायची, नाहीतर निकाल खोटा येतो. — तू मेरिडिथ का? आल्विन पेंगेलीची मुलगी? वाटलंच. कपाळ त्याचं आहे, आणि प्रश्न विचारायची तऱ्हा डल्सीची. तू म्हटलं तर चालेल ना, तुझ्या आईबापांना मी इतकी वर्षं ओळखतो. दोघंही तुझ्याबद्दल सांगायचे, वेगवेगळ्या वारी येऊन, आणि अगदी तेच सांगायचे — ब्रिस्बेनला असते, फोन करते, चेहरा थकलेला वाटतो. आता पाच मिनिटं थांबायचं, रंग यायला — पिवळा आला तर ठीक, लाल आला तर पाण्यात खत फार. बस त्या स्टुलावर. आल्विन कुठाय? — इस्पितळात. खुबा. पडला कुठे? — टँकचं पाणी बदलताना. एकटाच बादली उचलत होता. हं.

आणि आई अजून सरायनालाच, तुझ्या मावशीकडे.

हे बघ, तुझ्या घरातलं मला काही माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण काउंटरवर जेवढं येतं तेवढंच. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. कारण मला कधी कळलं नाही — तो म्हणायचा तिला विचार, ती म्हणायची त्याला विचार. घर एकच, स्वयंपाकघर एकच, मधल्या पॅसेजमध्ये तो चार फुटी टँक, त्यात सोळा रेनबो मासे. मंगळवारी आल्विन यायचा ही बरणी घेऊन, शुक्रवारी डल्सी यायची हीच बरणी घेऊन. सुरुवातीला मला गंमत वाटली. मग कळलं, सकाळी तो घालतो, संध्याकाळी ती घालते, आणि दुसऱ्याने घातलं की नाही ते विचारायचं नाही म्हणून दुपारी दोघंही थोडंथोडं घालतात. मासे सोळा आणि खाणं दोन घरांचं. काच हिरवी, मग दगड हिरवे, मग झाडांच्या पानांना काळ्या दाढ्या, मग पाणीच वाटाण्याच्या सुपासारखं. आणि मी काय करत होतो? डल्सीला म्हणायचो, तुझं बरोबर आहे गं, तो रात्रभर दिवा चालू ठेवत असणार. आल्विनला म्हणायचो, तुझं बरोबर आहे रे, ती हात सैल सोडून घालत असणार. दुकानदाराच्या जिभेला ही खोड असते — समोर असेल त्याचं बरोबर. दोघांनी मिळून माझ्याकडून तीन काच-घासण्या नेल्या, दोन फिल्टर नेले, या बाटल्या किती नेल्या त्याची गणतीच नाही.

पण वही माझीच कल्पना, ते मात्र मी छाती ठोकून सांगेन. गेल्या जूनची गोष्ट. सहा मासे मेले होते, डल्सी इथे उभी राहून रडली — डल्सी, जिने शाळेच्या कँटीनमध्ये चाळीस वर्षं पोरांना दटावलं. तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. म्हटलं, घरी एक वही टांग टँकशेजारी, दोरीला पेन्सिल बांध, जो खाणं घालेल त्याने लिहायचं — वेळ आणि किती. बोलायची गरज नाही. मंगळवारी आल्विनला तेच सांगितलं, तो म्हणाला, वही टांगलेली दिसली मला, काय भानगड आहे ती? आणि लिहायला लागले की गं. दोघंही मला आणून दाखवायचे, शाळेतल्या पोरांनी पाढे दाखवावेत तसे. सकाळी सात, एक चिमूट, आ. संध्याकाळी सहा, अर्धी चिमूट, ड. महिन्याभरात पाणी निवळलं. मागची भिंत दिसायला लागली. आणि मग वहीत दुसरंच काही यायला लागलं. 'दिवा नऊला बंद केला. आ.' 'कपाळावर डाग असलेलीचा पंख फाटलाय, बघ. ड.' 'बघितलं. नराने चावलंय. आ.' मग एकदा, 'पाव संपलाय. ड.' आणि खाली, 'आणला. आ.' मी वाचलं ते इथेच, याच काउंटरवर. डल्सी मला म्हणाली, चार्ली, हा काय माशांचा हिशेब आहे का? पण पान काही तिने फाडलं नाही. ऑक्टोबरात लिहिलेलं मी पाहिलं — 'गुडघा कसा आहे? आ.' त्यावर तिने पुढच्या शुक्रवारपर्यंत काहीच लिहिलं नव्हतं, आणि मग लिहिलं, 'दुखतो.' एवढंच. आल्विनने मला ते बोट ठेवून दाखवलं. म्हणाला, उत्तर दिलं बघ.

हो, माझ्या धंद्याला तोटा झाला. झालाच. पण त्यासाठी नाही. मी जे केलं ते त्यासाठी नाही केलं —

काय म्हणालीस? आई काय म्हणाली?

परत सांग. 'जो माणूस माशांच्या वहीतसुद्धा खोटं लिहितो त्याच्याबरोबर म्हातारपण काढायचं नाही.' असं म्हणाली. याच शब्दांत. नाताळच्या आदल्या आठवड्यात. आणि तू तुझ्या बापाला विचारलंस? — तो म्हणाला, मी लिहिलं ते लिहिलं. हं. म्हणणारच. त्या माणसाने तीस वर्षं कारखान्याची उसाची आगगाडी चालवली, किती डबे, किती वाजता, कुठल्या फाट्यावर, सगळं लिहून ठेवायचा. एकदा वासरू आडवं आलं तेही लिहिलं, आणि पगार कापून घेतला. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. — अजून तीन मिनिटं आहेत. तुला चहा हवा का? नको. मला हवाय, पण राहू दे.

ती वही आहे तुझ्याकडे? पिशवीत? बाबांनी सांगितलं रोज भरायला, इस्पितळातून. दाखव. नाही, दे, मला लांबून दिसत नाही. चष्मा आहे माझ्याकडे, खणात असतो. काउंटरवर लावत नाही एवढंच. माणसं म्हणतात, चार्लीला न बघता सगळं पाठ आहे — ते ऐकायला बरं वाटतं, दुसरं काय.

थांब, लावतो.

हे तिचं शेवटचं. 'मला खोटं सहन होत नाही. ड.' खाली त्याचं. 'मी खोटं लिहिलेलं नाही. आ.' आणि मग — सकाळी सात, एक चिमूट, आ. सकाळी सात, एक चिमूट, आ. हे सगळं पान तेच. उलटलं तरी तेच. संध्याकाळच्या रकान्याचं घर रिकामं सोडलंय बघ प्रत्येक दिवशी. तिच्यासाठी जागा ठेवून लिहिलंय. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. मला हे माहीत नव्हतं, मेरिडिथ. तो मंगळवारी यायचा, पण वही आणत नव्हता.

ऐक आता, आणि मधे बोलू नकोस, नाहीतर माझी गाडी पुन्हा फाट्यावर जाईल. नोव्हेंबरात आल्विन आला, म्हणाला, झाडांची पानं पिवळी पडताहेत. मी त्याला झाडांचं पातळ खत दिलं — ही बघ, ही हिरव्या बुचाची बाटली. किती घालू म्हणाला. मी बाटली न बघता सांगितलं, आठवड्याला तीन बुचं. त्याने घातली तीन बुचं. आल्विन सांगितलं तेवढंच घालणार, थेंबभर कमी नाही, थेंबभर जास्त नाही. दोन आठवड्यांत पाणी पुन्हा हिरवट. आणि त्याच सुमाराला, एका बुधवारी, शाळेतल्या फिनुकेनबाई आल्या, त्यांनाही तेच खत हवं होतं, त्यांनाही मी तीन म्हटलं — बाईंनी बाटली फिरवून वाचली आणि म्हणाल्या, चार्ली, इथे बुचाचा तिसरा हिस्सा लिहिलाय. तीन नव्हे, तिसरा हिस्सा. मी हसलो. म्हटलं, तुमची परीक्षा घेत होतो. त्या गेल्यावर मी ही बाटली हातात घेऊन मागच्या खोलीत बसलो. नऊपट. म्हाताऱ्याच्या टँकमध्ये मी नऊपट खत ओतवलं होतं.

हे झालं बुधवारी. शुक्रवारी डल्सी आली. बरणी, वही, दोन्ही घेऊन. मी हीच तपासणी केली, याच नळीत, आणि रंग आला लालभडक. ती वही उघडून म्हणाली, चार्ली, खरं सांग. मी अर्धी चिमूट घालते, तो एक लिहितो. मग हे कुठून आलं? आता ऐक — या थेंबांना खाणं कुठलं आणि खत कुठलं ते कळत नाही. दोन्हींचा रंग एकच, लाल. तिला ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आणि मला आल्विनची तीन बुचंही माहीत होती. मी म्हणालो —

मी म्हणालो, डल्सी, पाणी खोटं बोलत नाही. खाणं जास्त पडतंय. वहीत कुणीतरी कमी लिहितंय.

का? काय सांगू का. डल्सी शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बिंगोला जाते. सोमवारपर्यंत अर्ध्या मकायला कळलं असतं की चार्ली ग्रेक बाटलीवरचं वाचत नाही, ज्याला न बघता सगळं पाठ तो. एवढंच. एवढ्यासाठी. मला वाटलं, नवराबायकोचं आहे, एक टोमणा मारेल, दोन दिवसांत विसरेल, तोवर मी आल्विनला खत बंद करायला सांगेन, पाणी निवळेल, संपलं. आणि सांगितलंही — मंगळवारी म्हणालो, ते खत बंद कर. का, विचारलं त्याने. म्हटलं, उन्हाळ्यात लागत नाही. पाणी निवळलं, मेरिडिथ. अगदी निवळलं. पण तोवर तिने लिहिणं सोडलं होतं. आल्विन इथे उभा राहून म्हणाला, ती लिहीत नाही रे आता. माझ्या तोंडाशी आलं होतं. समोर दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, तेवढ्या कारणाने मी ते गिळलं. मग ती सरायनाला गेली. मग मी दोनदा फोन उचलला. दोनदाच.

झाली पाच मिनिटं. बघ. उजेडाकडे धर. — लाल. तेव्हाएवढा नाही, पण लाल. आणि यावेळी खत नाही, आल्विनच्या हातात बाटली नाही. हे तुझं आहे. मघाशी तोंडाने म्हणालीस दिवसातून तीनदा, आणि ही चिमूट दाखवलीस. आणि इथे, तुझ्या अक्षरात, सोमवार, एक चिमूट, मे. मंगळवार, एक चिमूट, मे. — बाबांना बरं वाटावं म्हणून. कळलं. इस्पितळात त्यांना वही दाखवतेस, ते पान बघून झोपतात. कळलं गं मला. मी तुला रागावू कशाच्या जोरावर? पण तुला कळतंय का, या वहीतलं पहिलं खोटं हे तुझं आहे? तुझ्या बापाने एकही लिहिलं नाही. अडीचशेच्या वर सकाळी, एकही नाही.

मी सांगू तिला? — तू म्हणतेस मीच जाऊन सांगावं. दुकान कुणावर टाकू? ... शनिवारी दुपारी बंद असतं, ते तुला तुझ्या बापाने सांगितलेलं दिसतंय. सरायना काही लांब नाही, मलाही माहीत आहे. पण तिच्या दारात उभा राहिलो की माझी जीभ पुन्हा समोरच्याचं बरोबर म्हणायला लागेल, मी ओळखतो माझ्या जिभेला. म्हणून आधी लिहून घे माझ्याकडून. मग मला पळता येणार नाही. तू लिही, मी सांगतो — नाही? मीच लिहू? पेन्सिल दे. दोरी अडकतेय, सोड जरा.

'नोव्हेंबर. झाडांचं खत. तिसरा हिस्सा सांगायचा तिथे मी तीन बुचं सांगितली, आणि ते कळल्यावर लपवलं. आल्विनने वहीत खरंच लिहिलं होतं.' खाली काय लिहू? त्यांच्यासारखं एक अक्षर? नको. पूर्ण लिहितो. कार्मनू ग्रेक. हे नाव मी कितीतरी वर्षांनी लिहितोय. — हे पान तिला दाखव, आजच दाखव. ती काही बोलणार नाही. बोलली नाही तरी वही तिच्याजवळ ठेवून ये. संध्याकाळची घरं रिकामी आहेत, ते तिचं तिला दिसेल. शनिवारी मी येतो म्हण. — नाही, 'बघतो' नाही. येतो.

बाटलीचे पैसे ठेव तुझ्याजवळ, बाटली इथेच राहू दे, लागत नाही तुला. दोन दिवस खाणं घालू नकोस, उपाशी मासा मरत नाही. पाव टँक पाणी बदल, बादली अर्धीच भर, तुझ्या बापासारखी नको उचलूस. ही घे बरणी, झाकण घट्ट लाव. जा आता, मागे माणसं उभी आहेत, त्यांनी काय ऐकलं असेल ते ऐकलं असेल. आणि मेरिडिथ, तुझ्या त्या ओळी खोडू नकोस, शेजारी खरं काय ते लिही. यापुढे सगळं तसंच लिही — मूठ घातलीस तर मूठ. वाचणाऱ्याला वाईट वाटलं तरी मूठच.